पाडव्याच्या दुपारची दोन विमानं

१

पाडव्याच्या दिवशी दुपारी चार वाजता बाळाचार्य मामांच्या गच्चीवरची गुढी आडवी पडलेली सापडली, आणि तिच्या टोकावरचा चांदीचा तांब्या गायब होता. काठी पाण्याच्या टाकीला टेकलेली, साखरेची गाठी फुटून मुंग्यांच्या हवाली झालेली, आणि गुढीची हिरवी इरकली साडी पूर्वेकडच्या शेजाऱ्यांच्या शेवग्याच्या झाडावर जाऊन लटकलेली. हे पहिल्यांदा पाहिलं कामाला येणाऱ्या रेखानं. ती वाळत घातलेले पापड गोळा करायला वर गेली होती. तिनं आरडाओरडा केला, सगळे धावत वर आले, आणि पाच मिनिटांत सगळ्यांनी मिळून ठरवलं की तांब्या रेखानंच घेतला.

तो तांब्या म्हणजे साधी वस्तू नव्हे. मामांच्या आजोबांना एका संस्थानिकानं भर दरबारात दिला होता, शुद्ध चांदीचा, असं मामा दर पाडव्याला सांगतात. नात्यातल्या प्रत्येकाला ही कथा पाठ आहे. त्या संध्याकाळी सात वाजता मामांच्या मुलाचे, श्रीहर्षचे, होणारे सासरे बेळगावहून येणार होते. ते पिढीजात सराफ. त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं होतं की बाकी काही करू नका, फक्त तो तांब्या हातात घेऊन बघायचाय.

मी वेदश्री, मामांची भाची. धारवाडच्या कोर्टात वकिली करते. माझ्या आईला, कुसुमावतींना, सगळा गाव अक्का म्हणतो म्हणून मीही अक्काच म्हणते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून अक्का निवृत्त झाली, पण शिकवणं काही सुटलं नाही. हल्ली तिला जो भेटेल तो वर्ग. आम्ही दोघी नवनगरहून स्कूटरवर व्याह्यांना भेटायला म्हणून साडेचारला पोचलो, तेव्हा रेखा पुढच्या पायरीवर बसली होती. कॉलनीतल्या बायकांनी तिची पिशवी पायरीवर उपडी केली होती. एक डबा, एक कंगवा, मामींनी दिलेल्या दोन पुरणपोळ्या.

रेखा अळणावरकडची. नवरा लक्ष्मण अमरगोळच्या मार्केट यार्डात हमाल. ती या कॉलनीत सहा घरची धुणीभांडी करते. त्यातल्या दोन घरांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून तिथंच सांगून टाकलं होतं. उरलेली चार घरं सातला व्याही आल्यावर काय होतंय त्याची वाट बघत होती.

श्रीहर्ष पोलिसांना फोन लावत होता. मामांनी त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

२

सणाच्या दिवशी दारात पोलीस नकोत, व्याही काय म्हणतील, असं मामांचं म्हणणं पडलं. मामा तहसील कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. पोलिसांशी त्यांचं आयुष्यभर जमलेलं, त्यामुळे मला जरा नवल वाटलं. पण अक्का एकदम खूश झाली. सातपर्यंत अडीच तास आहेत, तोवर मी बघते, असं म्हणून तिनं पदर खोचला आणि माझ्याकडे वही मागितली. वकिलाकडे वही असते, असा तिचा एक गैरसमज आहे.

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा रेखाच वाटली होती. गच्चीवर गेलेली तीच एकटी, ओरडलेलीही तीच. कोर्टात असले दोन दुवे मिळाले तरी मी खूश असते. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आधी मामींना विचारलं. कृष्णाबाई मामी म्हणाल्या, अडीचला वारा सुटला, दारं आपटायला लागली म्हणून तीन वाजता त्या पश्चिमेकडच्या सगळ्या खिडक्या लावायला उठल्या. तेव्हा अंगणातून वर बघितलं तर गुढी उभी होती, तांब्यासकट. मग त्या आडव्या झाल्या. म्हणजे जे काही झालं ते तीन ते चारच्या मध्ये. श्रीहर्ष त्या वेळी पेढे आणायला सुभाष रोडला, धारवाडात. दुकानाची वेळ छापलेली चिठ्ठी त्यानं न मागता दाखवली, त्यावरून मी त्याच्यावर उगाच थोडा संशय घेतला.

मग अक्का रेखाशेजारी पायरीवर बसली. मला वाटलं आता उलटतपासणी होणार. अक्कानं विचारलं, "दुपारी विमानं किती गेली डोक्यावरून?"

रेखानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

३

इथे विमानाचं सांगायला हवं. मामांची कॉलनी हुबळी विमानतळाच्या पूर्वेला, धावपट्टीच्या अगदी सरळ रेषेत. धावपट्टी पूर्व-पश्चिम. त्यामुळे डोक्यावरून विमान गेलं की मांडणीवरची ताटं किणकिणतात आणि बोलणारा माणूस वाक्याच्या मध्यात तोंड उघडं ठेवून थांबतो. नव्या पाहुण्याला वाटतं याला काहीतरी झालं. दुपारी एक विमान बेंगळूरहून येतं, तीन दहाला. तेच तीन चाळीसला परत जातं. मामा गेली कितीतरी वर्षं त्यावर घड्याळ लावतात.

रेखा म्हणाली, एकच. ती मागच्या मोरीवर सणाची भांडी घासत होती. "येकदा गेलं, तवा परात हातातनं सुटली. दुसरं काय आलं न्हाई. मी वाट बघत होते की बाई, विमान गेलं की मला कळतं पावणेचार झाले, मग पापड काढायचे. आज आलंच न्हाई. म्हणून मला उशीर झाला."

शेजारचे उमेश म्हणजे शेवग्याच्या झाडाचे मालक. त्यांचा आणि मामांचा शेवग्याच्या पाल्यावरून आठ वर्षं अबोला होता, म्हणून माझा पुढचा संशय त्यांच्यावर. ते मात्र हसतच आले. साडी नीट घडी घालून आणली होती आणि वर चार शेंगा. साडीबरोबर वीस-बावीस पापडही त्यांच्या अंगणात उडून आले होते, ते मात्र आणले नाहीत. चांगले झालेत म्हणाले. "इरली बिडी अक्का, असू दे की. एवढ्या पापडानं काय होतंय?"

त्यांनाही अक्कानं तोच प्रश्न विचारला. ते सोप्यावर झोपले होते. विमानानं एकदा जाग आणली, मग परत डोळा लागला, तो रेखाच्या ओरडण्यानंच उघडला.

मी अक्काला बाजूला घेऊन सांगितलं की एक साक्षीदार आरोपी आहे आणि दुसरा झोपलेला, यावर कुठलंही कोर्ट हसेल. अक्का म्हणाली, हसू दे, आता अण्णाला विचारू. अण्णा म्हणजे मामा. तिचा सख्खा थोरला भाऊ.

४

मामा सोप्यावर आरामखुर्चीत बसले होते. नेहमीपेक्षा जास्त ताठ. अक्कानं विचारताच त्यांनी कचेरीत जबाब द्यावा तसा क्रमवार जबाब दिला. जेवण झालं पावणेदोनला. वामकुक्षी अडीचपर्यंत. घरात उकडत होतं म्हणून पावणेतीनला ते कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या बागेत बाकावर जाऊन बसले, ते रेखाचा आवाज ऐकून चारला उठले. मध्ये घरी यायचा प्रश्नच नव्हता.

"बागेत कोण होतं?"

"कुणी नाही. पाडव्याच्या दुपारी कोण येतंय बागेत. पण तीन दहाला विमान आलं ते माझ्या डोक्यावरून. तीन चाळीसला गेलं तेही माझ्या डोक्यावरून. घड्याळ बघितलं मी. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

अक्कानं वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं वेळा लिहिल्या असतील. डोकावून बघितलं तर तिनं एक बाण काढला होता, डावीकडून उजवीकडे.

मग ती उठून घराच्या बाजूच्या बोळात, न्हाणीघराशी गेली. तिथे दोरीवर मामांचा पंचा वाळत होता. अक्कानं तो हातात घेतला, दाबला. कडेला अजून दमट होता. वाऱ्यात एवढा पातळ पंचा दोन तासांत वाळायला हवा होता आणि आता साडेपाच वाजले होते, म्हणजे तो साडेतीनच्या आधी तिथे पडलेला नव्हता. आणि मामांची आंघोळ असते पहाटे पाचला, हे सगळ्या हुबळीला ठाऊक आहे.

"अण्णानं दुपारी आंघोळ का केली असेल गं?" अक्का म्हणाली.

मी म्हटलं, उकडत असेल. चारनंतर केली असेल. किंवा मामींनी पंचा दुसऱ्यांदा पिळून टाकला असेल. मी आणखीही तीन कारणं देणार होते, पण अक्काचा चेहरा पडला होता. आईचा चेहरा असा मी फार कमी वेळा बघितलाय. तिनं दोरीवर पंचा परत नीट पसरला आणि म्हणाली, की तिला सगळं कळलंय आणि ते तिला आवडलेलं नाही.

५

तिनं मामांना आणि मला माजघरात बोलावलं आणि दार लोटलं. साडेसहा वाजले होते. बाहेर रेखा तशीच पायरीवर बसलेली. मामींनी तिला चहा दिला होता, तो तिनं घेतला नव्हता.

अक्का शिकवायला लागली. मामांना सातवीच्या वर्गातल्या मुलासारखं समोर बसवून तिनं विचारलं, लहानपणी पतंग उडवताना तू कुठं तोंड करून धावायचास? मामा म्हणाले, वाऱ्याकडे. का? तर पाठीवर वारा घेऊन धावलं तर पतंग वर जात नाही.

"विमानाचंही तेच. पंखांवरून वारा वाहिला तर ते वर उचललं जातं. समोरून वारा असला की अर्धं काम वाराच करतो, थोडं धावलं तरी चालतं. उतरतानाही समोरचा वारा हवा, म्हणजे जमिनीवर वेग कमी राहतो आणि लवकर थांबता येतं. म्हणून उतरणं असो की उडणं, विमान वाऱ्याकडे तोंड करतं. आज वारा कुठला होता, अण्णा?"

उत्तर मीच दिलं. साडी आणि पापड पूर्वेला उमेश यांच्याकडे गेले, मामींनी पश्चिमेच्या खिडक्या लावल्या, म्हणजे वारा पश्चिमेचा. मला स्वतःचं कौतुक वाटलं. तेवढ्यात वहीतला बाण आठवला आणि ते लगेच ओसरलं.

वारा पश्चिमेचा, म्हणजे येणारं विमान पूर्वेकडून आलं, कॉलनीवरून, पश्चिमेकडे तोंड करून उतरलं. जाणारं विमानही पश्चिमेकडेच तोंड करून उडालं. म्हणजे कॉलनीच्या उलट्या बाजूला. ते डोक्यावरून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

मामांना तेवढ्यात आधार सापडला. "पण रोज दोन्ही इथूनच जातात. रोज. मी काय आंधळा आहे?"

"रोज जातात हे खरं. या दिवसांत दुपारी वारा पडलेला असतो. वारा नसला की विमानाला कुठलीही दिशा चालते. येताना पूर्वेकडून उतरून ते पश्चिमेच्या टोकाशी पोचलेलं असतं. मग जाताना तिथूनच तोंड वळवून पूर्वेला उडतं. लांबच्या टोकाला जायची फेरी वाचते आणि बेंगळूरची वाटही तिकडचीच. म्हणून येणं एका दिशेनं आणि जाणं त्याच्या उलट, आणि दोन्ही वेळा तुझ्या डोक्यावरून. पण एवढा वारा सुटल्यावर नाही. तू आज आकाशाकडे बघून सांगितलं नाहीस अण्णा. तू रोजचं पाठ म्हटलंस."

मी वकील, मला पुरावा लागतो. दार किंचित उघडून श्रीहर्षला हाक मारली आणि त्याच्या मोबाईलवर दुपारच्या विमानाचा मार्ग काढायला लावला. असले मार्ग दाखवणारं काहीतरी त्याच्याकडे असतंच. नकाशावरची पिवळी रेघ धावपट्टीवरून पश्चिमेकडे निघून, शेतांवरून मोठा वळसा घेऊन बेंगळूरकडे गेली होती. कॉलनीच्या आसपासही नव्हती. श्रीहर्षला कशासाठी ते सांगितलं नाही, दार परत लावलं.

तीन चाळीसला मामा बागेत नव्हते. मामा जमिनीकडे बघत होते. अक्का म्हणाली, "अण्णा, ऊठ. आंघोळ कर."

६

मामांच्या घरी देवघरात एक जुनी लाकडी पेटी आहे, सोवळ्याची. तिच्यात पूजेचं रेशमी सोवळं, जपमाळ, असलं काहीबाही. नुकती आंघोळ केलेल्या, ओल्या अंगाच्या माणसाशिवाय तिला कुणी हात लावत नाही. मामी लावत नाहीत, श्रीहर्ष लावत नाही, रेखा तर देवघराच्या उंबऱ्यापाशी सुद्धा जात नाही. सगळं घर शोधून झालं होतं. पिठाचे डबे, गाद्या, रेखाची पिशवी. ती पेटी कुणी उघडली नव्हती, कारण शोधणाऱ्यांपैकी कुणाची नुकती आंघोळ झालेली नव्हती.

तांब्या लपवायचं ठरवलं तेव्हा मामांचीही झालेली नव्हती. आपल्याच घरातला आपलाच तांब्या लपवायचा, तोही खोटं बोलून. तरी पारोशानं सोवळ्याच्या पेटीला हात लावायला त्यांचं मन धजेना. म्हणून त्यांनी आधी आंघोळ केली, पंचा वाळत टाकला, ओलेत्यानं गच्चीवर गेले, तांब्या काढला, आणि पेटीत ठेवला. गाठ सुटल्यावर साडी उडून गेली ते बघायलाही ते थांबले नाहीत. असला चोर हुबळी-धारवाडच्या बाहेर कुठे सापडायचा नाही.

मामा तिसऱ्यांदा आंघोळ करून आले आणि तांब्या आणून अक्कासमोर ठेवला. मला राहवलं नाही, मी विचारलं, का.

तो चांदीचा नव्हताच. खरा तांब्या बत्तीस वर्षांपूर्वी मलप्रभेत आंघोळ करताना मामांच्या हातून सुटला आणि वाहून गेला. त्यांचे वडील तेव्हा हयात होते, त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी सुभाष रोडवर मुलामा दिलेला तसाच एक घेतला. मग वडील गेले, पण कथा तोवर इतकी मोठी झाली होती की मागे घेता येईना. सराफ व्याही येणार म्हटल्यावर मामा चार रात्री झोपले नव्हते.

हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच रागही आला. मामांना वाटलं होतं चोरी म्हणून बोभाटा होईल आणि विषय संपेल. रेखाचं नाव येईल हे डोक्यातच आलं नाही म्हणाले. आलं तेव्हा तोंड उघडेना. ते रडवेले झाले होते. मला त्यांची दया आली आणि तरीही दोन शब्द सुनवावेसे वाटत होते.

"आता असं करू," मामा म्हणाले, "तांब्या गच्चीवर टाकीमागे सापडला म्हणून सांगू. रेखा सुटली, मीही सुटलो."

"रेखा कशी सुटली?" अक्का म्हणाली. "सगळे म्हणतील, पोलिसांचं नाव निघालं तसं तिनं गुपचूप परत ठेवला. ती दोन घरं तिला बोलावणार नाहीत, आणि उरलेली चार दार लावून चांदी मोजतील. अण्णा, तुझं तोंड झाकायला तू तिचं तोंड काळं करतोयस. जिथं तिची पिशवी उपडी केली तिथं उभं राहून सांग, सगळ्यांदेखत."

"व्याह्यांसमोर?"

"ते वेळेवर आले तर त्यांच्यासमोर."

७

ते वेळेवर आले. सातला पाच कमी असताना बेळगावची मोटार फाटकाशी थांबली. व्याही आणि विहीणबाई उतरले. पायरीभोवती कॉलनीतल्या बायका, उमेश, श्रीहर्ष आणि हात जोडून मामी. रेखा तिथेच होती, पिशवी पोटाशी धरून. पाहुण्यांना बघून ती उठून बाजूला होऊ लागली, तर अक्कानं तिचा दंड धरून परत बसवलं.

मामा तांब्या हातात घेऊन बाहेर आले. धुतलेलं धोतर, केस अजून ओले. व्याह्यांनी हात पुढे केला, त्यांना वाटलं तांब्या त्यांच्यासाठीच आणलाय. मामांनी तो दिला नाही. छातीशी धरला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात संध्याकाळचं विमान आलं. वारा अजून पश्चिमेचाच होता, त्यामुळे ते बरोबर आमच्या डोक्यावरून उतरत होतं, पोटाखाली चाकं काढून. ताटं किणकिणली, मोटारीच्या काचा थरथरल्या. इथली सगळी माणसं अशा वेळी थांबतात. मामा थांबले नाहीत. ते बोलत राहिले. ओठ हलत होते, हात हलत होते, एकदा तांब्याकडे बोट गेलं, एकदा स्वतःच्या छातीकडे, एकदा रेखाकडे. कुणाला अक्षर ऐकू गेलं नाही. विमान धावपट्टीकडे गेलं तेव्हा मामांचं बोलून झालं होतं आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला होता. व्याही नम्रपणे मान डोलावत होते. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मामांच्या चेहऱ्यावर मी सुटकेचा असा आनंद कधी बघितला नव्हता, आणि अक्काकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

मी काही बोलणार होते. अक्कानं माझा हात दाबला.

रेखा उठून उभी राहिली. पिशवी खाली ठेवली. पदर नीट केला. शेवटचा घरघराट विरेपर्यंत ती शांतपणे थांबली, मग मामांच्या समोर येऊन उभी राहिली.

"विमान गेलं अप्पा," ती म्हणाली. "आता सांगा."

मामांनी घसा खाकरला आणि मलप्रभेपासून परत सुरुवात केली.